पावसाचा मुक्काम

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला, की आपल्या मालवणी मुलखात मासे डोंगराच्या दिशेने निघतात. नातवंडांनो, थट्टा नाही ही. मे महिनाभर नदीच्या कोंडांत, जिथे कंबरभर का होईना पाणी उरलेलं असतं तिथे, मळये, खवळे, शिंगटी गपचूप दिवस काढत असतात. पहिलं लाल पाणी आलं की ते तोंड फिरवतात. पाणी जिकडून येतं तिकडेच पोहायचं, हा एकच हट्ट. नदीतून व्हाळात, व्हाळातून पाटात, पाटातून भाताच्या कुणग्यात. वाटेत हातभर उंचीवरून धार कोसळत असली तरी उसळी मारून वर जातात. याला चढण म्हणतात आणि त्या माशांना चढणीचे मासे. रायगडच्या बाजूला हेच वलगणीचे मासे.

का निघतात? अंडी घालायला. कुणग्यात तेव्हा वीत-दीड वीत पाणी असतं. ढेकळांत आणि गवतात लपायला जागा असते, खायला बारीक किडे आणि शेवाळ असतं, आणि पिल्लांना गिळणारे मोठे मासे तिथवर फारसे पोचत नाहीत. श्रावण-भाद्रपदात पिल्लं बोटभर होतात आणि पाऊस ओसरताना पाण्याबरोबर पुन्हा नदीत उतरतात.

आणि अंधारात त्यांना वाट कशी सापडते? बहुतेक माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. पुढच्या वेळी आई बाजारातून मासा आणेल, तेव्हा साफ करण्याआधी तो मागून घ्या आणि नीट बघा. ती पार्श्वरेषा. तिच्या छिद्रांच्या आत अतिसूक्ष्म तंतू आहेत. पाणी कुठल्या बाजूने ढकलतंय, किती जोराने ढकलतंय, हे त्या तंतूंना कळतं. शिवाय पहिल्या पावसाने पाणी थंड होतं, गढूळ होतं, त्यातले क्षार कमी होतात, त्याचा वास बदलतो. माशाला एवढ्या खुणा पुरतात.

पण एक लक्षात घ्या. चढणीच्या रात्री मासा वरून येणाऱ्या पाण्यावर पुरता भरवसा टाकतो. ते पाणी फार जोरात आलं तर त्याला चढता येत नाही. घाण घेऊन आलं तर तो वाटेतच मरतो. आणि दोन तासांत येऊन संपून गेलं तर अर्ध्या वाटेत उघड्या दगडावर अडकतो. म्हणजे व्हाळाचं पाणी बेताचं हवं, स्वच्छ हवं आणि टिकाऊ हवं. हे तिन्ही ठरतं एकाच गोष्टीवर. पडलेला पाऊस व्हाळात पोचण्याआधी जमिनीवर आणि जमिनीत किती मुक्काम करतो, यावर. गावाचं शहर होताना आपण नेमका हा मुक्काम तोडतो. आज त्याचीच गोष्ट.

मालवणातून कसालच्या रस्त्याला लागा. चढ चढून गेलं की कुंभारमाठ, पुढे आनंदव्हाळ, मग चौके. आजूबाजूला जो उघडा कातळ पसरलेला दिसतो तो सडा. एप्रिलमध्ये बघितलात तर वाटेल इथे काही जगत नसेल. काळपट तांबडा दगड, पाय भाजतील असा. हा जांभा. लाखो वर्षं मोसमी पाऊस मूळ खडकावर पडत राहिला, त्यातलं जे विरघळणारं ते सगळं धुऊन घेऊन गेला आणि मागे उरली ती मुख्यतः लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. म्हणून त्याचा रंग गंजाचा. फ्रान्सिस बुकानन नावाच्या ब्रिटिश वैद्याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याची गंमत नोंदवली: जमिनीत असतो तेव्हा लोखंडी हत्याराने सहज कापला जातो, आणि उन्हावाऱ्यात आला की विटेपेक्षा टणक होतो. आपले चिरेखाणवाले हे त्याच्याही आधीपासून जाणून होते.

या दगडाचा एक तुकडा हातात घेऊन बघा. छिद्रं, नळ्या, पोकळ्या. ओंजळभर पाणी ओता, जागच्या जागी नाहीसं होतं. जूनमध्ये सड्यावरच्या खळग्यांत डबकी साचतात आणि पाऊस थोडा स्थिरावला की त्या ओल्या कातळावर निळ्याजांभळ्या फुलांचा सडाच पडतो. त्यातली एक आहे सीतेची आसवं. नाजूक, बोटभर उंचीची. पण हिच्यापासून सांभाळून, कारण ही मांस खाते! सड्यावरच्या मूठभर मातीत नत्र जवळजवळ नसतो, तेव्हा हिने दुसरी सोय केली. पाण्यात आणि चिखलात हिच्या बारीक फुग्यांसारख्या पिशव्या असतात. आतलं पाणी बाहेर टाकून ती पिशवी आक्रसून बसते. एखादा सूक्ष्म किडा दाराच्या केसाला लागला की दार आत उघडतं, पाणी आणि किडा दोन्ही खेचले जातात, आणि हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. आपली पापणी लवायला याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. सड्याला पडीक जमीन म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे फूल दाखवायला नेतो.

तर त्या डबक्यांतलं पाणी हळूहळू जांभ्यात उतरतं. खाली जाता जाता त्याला लागते चिकणमाती. ती पाण्याला पुढे सोडत नाही. मग पाणी आडवं सरकतं, सड्याच्या पोटातून चालत राहतं, आणि जिथे उतार कापला जाऊन चिकणमातीचा थर उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. आपली गावं कुठे वसली आहेत बघा. सड्यावर नाहीत, सड्याच्या पायथ्याशी आहेत. वर मोकळा कातळ, खाली झरा, झऱ्याखाली माडापोफळीची बाग, बागेखाली भाताचे कुणगे, आणि शेवटी खाडी. पाऊस ऑक्टोबरात निघून गेला तरी झरा नाताळापर्यंत, कुठे कुठे शिमग्यापर्यंत वाहतो. व्हाळाला तेव्हा जे पाणी असतं ते ढगातून आलेलं नसतं, सड्याच्या पोटातून आलेलं असतं.

मात्र जांभ्याची खोडही सांगायला हवी. तो पाणी पटकन घेतो तसं पटकन सोडतोही. म्हणून तर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. जुन्या लोकांनी ही खोड ओळखली आणि पावसाचा मुक्काम स्वतःच्या हाताने वाढवला. चौक्याहून धामापूरला गेलात की तो हात दिसतो. दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध घालून तिथे १५३० मध्ये तलाव केला. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई आणि धामापूर-काळसे गावच्या लोकांचं ते काम. बांधाशी भगवतीचं देऊळ आहे, आणि आजूबाजूच्या डोंगरांवर रान आहे. ते रान महत्त्वाचं, कारण रान नसतं तर पाच शतकांत तलाव गाळाने कधीच भरून गेला असता. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. पण मला विचाराल तर यादीपेक्षा मोठी गोष्ट ही की तो तलाव अजून वापरात आहे.

याहून नवलाची जागा तुमच्या डोळ्यासमोर रोज असते. सिंधुदुर्ग किल्ला. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत तीन गोड्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. लोक म्हणतात चमत्कार. चमत्कार आहेच, पण तो कसा होतो ते कळलं की जास्त आनंद होतो. बेटावर पडलेला पाऊस मातीतून आणि खडकाच्या भेगांतून खाली मुरतो. तिथे खारं पाणी आधीच शिरलेलं असतं. पण गोडं पाणी हलकं. एक लिटर गोडं पाणी एक किलोचं, आणि समुद्राचं साधारण एक किलो पंचवीस ग्रॅमचं. म्हणून गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं आणि लादलेली होडी जशी पाण्यावर दिसते त्यापेक्षा पाण्याखालीच जास्त असते तसं ते खाली दबून बसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एका डच आणि एका जर्मन अभ्यासकाने आपापल्या किनाऱ्यावर याचं गणित मांडलं: समुद्राच्या पातळीवर गोडं पाणी एक मीटर उभं असेल तर पातळीखाली ते चाळीस मीटरपर्यंत असू शकतं. भेगाळलेल्या खडकात हे प्रमाण तंतोतंत जुळत नाही, पण तत्त्व तेच. दांडी, तारकर्ली, देवबागच्या वाळूतल्या विहिरी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून गोड लागतात त्या याच कारणाने. आणि पंप लावून हे गोडं पाणी भराभर उपसलं, किंवा वरून पाऊस मुरू दिला नाही, की खालचं खारं वर चढतं. मग ती विहीर सुधारायला कित्येक पावसाळे लागतात.

इतकं झाल्यावर आता शहराकडे वळू. गुणाकार येतो ना? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे जवळजवळ शंभर चौरस मीटर. म्हणजे आपल्याकडे एका गुंठ्यावर पावसाळ्याभरात पडतं तीन लाख लिटर. आणि तासाला पन्नास मिलिमीटरची सर आली, जी आपल्याकडे जुलैत नवलाची नाही, तर त्या एका तासात पाच हजार लिटर. एका गुंठ्याला! आता तो गुंठा रानाचा असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यातलं बरंचसं पानं, पाचोळा, मुळं आणि माती ठेवून घेतात. तोच गुंठा स्लॅबचा किंवा काँक्रीटचा असेल तर दहातले नऊ लिटर तिथल्या तिथे पळायला लागतात. आयर्लंडमधल्या थॉमस मलव्हनी नावाच्या इंजिनिअरने १८५० च्या सुमारास हा हिशेब सूत्रात बसवला: किती जमीन, किती जोराचा पाऊस, आणि त्यातला किती हिस्सा वाहून जातो. जगभरची गटारं आजही याच गुणाकाराने मापली जातात. त्यात पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी पुरती आपल्या हातात आहे.

पळणारं पाणी एकेकटं येत नाही. सगळ्या छपरांचं, सगळ्या रस्त्यांचं, एकाच वेळी येतं. जो लोंढा पूर्वी व्हाळात दिवसभरात उतरायचा तो तासाभरात उतरतो. पुढची गोष्ट ऐकून मी लहानपणी थक्क झालो होतो, अजूनही होतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याला ढकलता येणाऱ्या दगडाचं वजन दुप्पट नाही, चौपट नाही, चौसष्टपट होतं. आता कळेल, शांत व्हाळ एका पावसाळ्यात काठ का खायला लागतो. काठावरच्या करंजाची, भेंडीची मुळं उघडी पडतात, झाड आडवं होतं, आणि सुटलेली लाल माती खाली जाऊन बसते ती कोंडात. कोंड उथळ झाला की उन्हाळ्यात आटतो. आणि कोंड आटला की चढणीला निघणारे मासेच उरत नाहीत. तीच लाल माती पुढे समुद्रात जाते. किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं ते अशाच जीवांसाठी. प्रवाळाच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला ऊन लागतं. गढूळ पाण्यात ते मिळत नाही.

हे झालं वेगाचं. घाणीची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तिची वेळ चुकीची आहे. ऑक्टोबर ते मे रस्त्यावर काय काय साठतं? गाड्यांचं तेल, ब्रेकची आणि टायरची भुकटी, गॅरेजसमोरचं काळं पाणी, पत्र्यावरून सुटणारं जस्त, प्लास्टिकच्या चिंध्या. हे सगळं धुऊन निघतं पहिल्या एक-दोन सरींत. म्हणजे वर्षातलं सर्वांत मळलेलं पाणी व्हाळात येतं त्याच रात्री, ज्या रात्री मासे चढतात.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिएटल शहर आहे. तिथल्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन समुद्रातून चढून येतात, आपल्या चढणीसारखेच अंडी घालायला. शहरातल्या ओढ्यांत आलेल्या माद्या अंडी घालण्याआधीच तडफडून मरायला लागल्या. कारण सापडेना. अखेर डिसेंबर २०२० मध्ये अभ्यासकांनी गुन्हेगार पकडला: टायरचं रबर टिकावं म्हणून त्यात घालतात ते एक रसायन, हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन तयार झालेलं विष. पण माझ्या आवडीचा भाग याच्या आधीचा आहे. त्यापूर्वी पाच वर्षं, २०१५ मध्ये, काही जणांनी तेच रस्त्यावरचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळलं आणि त्यात कोहो सोडले. ते जगले. विषाचं नावही माहीत नव्हतं, आणि माती त्याला अडवत होती. आपल्या खवळ्याला तेच विष बाधतं असं मी म्हणत नाही. सॅमनच्याच दुसऱ्या एका जातीला ते बाधत नाही. सांगायचं इतकंच, की रस्ता आणि व्हाळ यांच्यामध्ये दोन-तीन हात जिवंत माती असली तर ती न सांगता केवढं काम करते.

हे पाहून जगातली काही शहरं आपली गटारं नव्याने मांडत आहेत. फिलाडेल्फियाने २०११ मध्ये पंचवीस वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला: रस्त्याकडेला खोलगट वाफे, झाडांच्या आळ्यांत उतरणारं पाणी, पाणी जिरवणारी फरसबंदी. प्रत्येक पावसातलं पहिलं इंचभर पाणी जागेवर थांबवायचं, एवढंच त्यांचं लक्ष्य. तुम्ही म्हणाल, आजोबा, आपल्याकडे इंचभर पाणी अर्ध्या तासात पडतं. बरोबर आहे, आणि म्हणूनच त्यांचा नकाशा इथे आणून चिकटवता येत नाही. आणखी एक अडचण आहे. ऑगस्टमध्ये आपल्या विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, जांभा तुडुंब असतो, वाळूत हात घातला तरी पाणी लागतं. तेव्हा शोषखड्डा कितीही खोल खणा, तो पाणी घेणार कुठे?

तरी पहिला पाऊस आणि भर पावसाळ्यातला पाऊस ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या पावसाची घाण अडवायची, तेव्हा जमीन तहानलेली असते. मातीच्या पट्ट्या, गवताचे चर, शोषखड्डे तिथे चोख काम देतात. ऑगस्टच्या लोंढ्याला मुरायला नव्हे, थांबायला जागा लागते. ही जागा आपल्याकडे कायमची होती. भाताचे कुणगे! एक हेक्टर कुणग्यात मेरेच्या आत वीतभरही नाही, दहाच सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तरी ते होतं दहा लाख लिटर. दुपारची सर कुणग्यात थांबायची आणि एका मेरेवरून दुसऱ्या मेरेवर उतरत रात्रीपर्यंत व्हाळात जायची. शेतकरी भात पिकवत होता आणि कोणी न सांगता गावाचा पूर सांभाळत होता. शहराच्या कडेचा असा एक मळा भराव घालून सपाट केला की एक इमारत उभी राहते, आणि दहा लाख लिटर पाणी खालच्या वाडीतल्या लोकांच्या दारात जातं. भराव घालायची परवानगी देताना हा हिशेब कागदावर मांडलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि खाली समुद्र दार उघडं ठेवूनच बसलाय असं समजू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती चढते तेव्हा व्हाळाच्या तोंडाशी पाणी उलटं ढकललं जातं. त्याच वेळी वरून मोठी सर आली तर पाण्याला दोन्हीकडून वाट बंद. गोव्याच्या आणि आपल्या खाजणांत याच्यासाठी बांधाला मानस ठेवतात, लाकडी झडपेचं दार. भरतीला खारं पाणी त्याला ढकलून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला उघडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही.

लालबाग-परळच्या माझ्या नातवंडांनो, हिंदमाताचं पाणी तुम्ही कमरेपर्यंत पाहिलंय. तेही हेच. तो भाग खोलगट, आणि मुंबईची भरती कधी कधी साडेचार मीटरच्याही वर जाते. तेव्हा गटारांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली असतात. जुनी गटारं मापली होती तासाला पंचवीस मिलिमीटर पावसासाठी, त्यातलाही निम्मा जमिनीत मुरेल असं धरून. मग मुंबईने मुरायला जमीनच ठेवली नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि विहार-पवईच्या सांडव्यातून निघणारी मिठी ही नदी आहे हे लाखो मुंबईकरांना त्या दिवशी कळलं. पुढे माधवराव चितळे यांच्या समितीने कारणं शोधली, गटारांची क्षमता तासाला पन्नास मिलिमीटरवर न्यायचं ठरलं, समुद्राकाठी पंपगृहं आली. हिंदमाताला मात्र वेगळा उपाय केला. दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. भरतीच्या वेळी रस्त्यावरचं पाणी त्यांत ओढून घ्यायचं, ओहोटी लागली की सोडायचं. म्हणजे कुणग्याने जे फुकट केलं असतं ते तिथे जमिनीखाली काँक्रीट ओतून आणि पंप लावून करावं लागलं. मुंबईला दुसरा मार्ग उरला नव्हता. आपल्याला अजून आहे.

मालवणची नगरपरिषद काही मुंबईची महापालिका नव्हे, तिच्याकडे तेवढा पैसा नाही. पण तेवढा लागतही नाही. व्हाळ उघडा राहू द्यायचा, त्याच्यावर स्लॅब घालून रस्ता करायचा नाही. कारण झाकलेल्या व्हाळात काय चाललंय ते कोणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कोणी साफ करत नाही. कुंभारमाठासारख्या उंचवट्यावर सडा जमेल तेवढा उघडा ठेवायचा. सोडून दिलेल्या चिरेखाणी भक्कम कुंपण घालून पाणी थांबवायला वापरायच्या. मासळी बाजाराचं, गॅरेजचं आणि संडासाच्या टाकीचं पाणी पावसाच्या गटारात येऊ द्यायचं नाही. कचऱ्याचं तर आपल्याच जिल्ह्यात उदाहरण आहे. वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने घराघरांतून कचरा वेगवेगळा करून घ्यायला सुरुवात केली, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यांत वापरले, आणि कचरा टाकायची जागा लोकांनी बघायला यावं अशी केली. जे प्लास्टिक रस्त्यात गेलं ते गटारात आलं नाही. तिथे यंत्र फार मोठं नव्हतं, रोजची शिस्त होती.

उरलं ते तुमचं माझं. मुंबईत कमावून गावचं घर नवं करायचं म्हटलं की पहिली उडी खळ्यावर पडते. गणपतीला चिखल नको, म्हणून शेणाने सारवलेलं खळं उखडून खाली काँक्रीट आणि वर पेव्हरची लादी. मला त्या पाहुण्यांच्या पायाची काळजी कळते. पण पर्याय आहे. जांभ्याचे चिरे वाळूवर बसवा, सांधे सिमेंटने भरू नका. पायाला चिखल लागत नाही आणि पाणी सांध्यांतून खाली जातं. पावळीखाली, जिथे पागोळ्या पडतात तिथे, दोन हात रुंद पट्टी मातीचीच राहू द्या आणि त्यात अळू, कर्दळ, सोनटक्का लावा. मोरीचं पाणी केळीला सोडा, तुमच्या पणजीने सोडलं तसं. गडगा काढून सिमेंटची भिंत घालायची झाली तर तिला खाली भोकं ठेवा. व्हाळाच्या काठची झाडं तोडू नका, तिथे गाडी धुऊ नका.

आणि पहिल्या पावसाच्या रात्री कोणी बॅटरी आणि कोयता घेऊन व्हाळावर निघालं, तर त्यांना माझा निरोप सांगा. पोटात अंडी असलेले मासे आहेत ते. त्या रात्री त्यांना वर जाऊ द्या.